नकाशावरचं घरटं कुणाला दिसावं? पोस्टजीआयएस आणि जिओसर्व्हरवर नाजूक लोकेशन जपायची पद्धत, पायरी पायरीने

नरक्याचं झाड घाटात फिरणाऱ्या बऱ्याच जणांना माहितीये. त्यात कॅम्प्टोथेसिन नावाचं द्रव्य असतं, ते कॅन्सरच्या औषधांसाठी लागतं, आणि म्हणून सह्याद्रीत ही झाडं चोरून तोडली गेलीयत. आता समजा कुणीतरी अगदी मनापासून, अभ्यासासाठी, एकेका नरक्याचं जीपीएस घेतलं, वर्षभर पायपीट केली आणि तो नकाशा वेबवर टाकला. तोडणाऱ्याला मग जंगल शोधत बसायची गरजच नाही, आपणच त्याला पत्ता हातात दिला. हेच गिधाडाच्या घरट्याचं, खवल्या मांजराच्या बिळाचं, मांडुळाच्या माळाचं. 2013 साली पन्ना व्याघ्र प्रकल्पातल्या एका वाघाच्या कॉलरचं लोकेशन ज्या ईमेलवर यायचं ते खातं उघडायचा प्रयत्न झाला होता, आणि तो पुण्यातून झाल्याचं तेव्हा बातम्यांमधे आलं होतं. म्हणजे ही भीती कुठल्या लांबच्या देशातली नाही.

मी हे लिहितोय कारण एका छोट्या निसर्ग संस्थेचा नकाशा मी स्वतः बघितला, त्यात घरट्यांचा लेयर (नकाशावरचा माहितीचा थर) "फक्त सदस्यांसाठी" होता, लॉगिन केल्याशिवाय लेयरच्या यादीत दिसायचाच नाही. कॉलेजातल्या एका मुलाने ब्राउजरमधे एफ12 दाबलं, नेटवर्क टॅब उघडला, आणि सगळी घरटी सहा दशांश स्थळांपर्यंत जिओजेसनमधे (नकाशाचा डेटा साध्या अक्षरांत ठेवणाऱ्या फाइलमधे) समोर आली. फाईल सगळ्यांनाच जात होती, फक्त चेकबॉक्स लपवलेला होता. तो मुलगा चांगला म्हणून त्याने सांगितलं. नसतं सांगितलं तर कळलंही नसतं.

तर या लेखाचा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे: जे पब्लिकला दाखवायचं नाही ते पब्लिक नकाशाच्या हातात असूच नये. लपवलेलं नको, तिथे नसलेलंच हवं. खाली पोस्टजीआयएस (पोस्टग्रेस डेटाबेसमधे नकाशाचा डेटा ठेवणारी जोड), जिओसर्व्हर (तो डेटा वेबवर देणारा सर्व्हर) आणि क्यूजीआयएस (कॉम्प्युटरवर नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर) धरून सांगतो कारण आपल्याकडच्या बहुतेक छोट्या संस्था, विद्यार्थी, जैवविविधता समित्यांना मदत करणारे लोक हेच फुकटचं सामान वापरतात.

पायरी 1: सर्व्हरला हात लावायच्या आधी माणसांसोबत बसा

एक एक्सेल उघडा आणि प्रत्येक लेयरसमोर चार गोष्टी लिहा: काय नाजूक आहे, कुणाला नेमकी जागा खरंच लागते, बाकीच्यांना किती ढोबळ चालेल, आणि किती काळ. चौथी गोष्ट सगळे विसरतात. गिधाडाचं घरटं अंडी आणि पिल्लं असताना सगळ्यात नाजूक, पण ढोलीत घरटं करणारे धनेश तीच ढोली वर्षानुवर्षं वापरतात म्हणून तिथे सीझन संपला तरी कुलूप काढायचं नाही. हा निर्णय फील्डवरच्या माणसाने घ्यायचा असतो, आपण डेटाबेसवाल्यांनी नाही. गावाची देवराई, औषधी वनस्पतींच्या जागा, लोक जैवविविधता नोंदवहीत गावकऱ्यांनी विश्वासाने सांगितलेली माहिती असेल तर गावाला विचारल्याशिवाय ती नकाशावर चढवूच नका.

आणि लपवायची हौसही नको. सगळंच झाकून ठेवलं तर उद्या तिथे खाण किंवा रस्ता मंजूर होताना कुणालाच माहिती नसतं की या कड्यावर घरटी आहेत. "या दहा किलोमीटरच्या चौकोनात गिधाडं आहेत" एवढं जगाला कळलंच पाहिजे, आणि नेमकी जागा त्या बीटच्या, म्हणजे जंगलाच्या त्या तुकड्याच्या, वनरक्षकाला एका मिनिटात मिळाली पाहिजे. ॲक्सेस कंट्रोल म्हणजे दोन्ही, अडवणं पण आणि पोचवणं पण.

कॉलमसुद्धा एकेक बघा, फक्त जॉमेट्री (बिंदूची जागा) नाही. शेरा या कॉलमात कुणीतरी "देवळामागच्या वडावर, पाणवठ्यापासून दोनशे पावलं" लिहिलेलं असतं. उंचीचा कॉलम राहिला तर चौकोनातल्या त्याच उंचीच्या जागा काढून शोध एकदम बारीक होतो. गावाचं नाव राहिलं तर चौकोन मोठा ठेवून काय उपयोग. निरीक्षकाचं नाव आणि तारीख राहिली तर त्याच माणसाची त्याच दिवशीची दुसऱ्या साइटवरची पक्ष्यांची यादी काढता येते. फोटो तर विसरूच नका, मोबाइलच्या फोटोच्या पोटात जीपीएस असतं, वेबवर जायच्या आधी ते काढून टाकायचं.

पायरी 2: रोल ठरवा, माणसं नंतर

आमच्याकडे पाच पुरतात: पब्लिक, स्वयंसेवक, बीटवाला (वनरक्षक), संशोधक, ॲडमिन. स्वयंसेवकाला स्वतः भरलेल्या नोंदी नेमक्या दिसतात, बाकीच्या ढोबळ. बीटवाल्याला त्याच्या बीटमधलं सगळं नेमकं. संशोधकाला ठराविक प्रजाती, ठराविक मुदतीसाठी. अधिकार नेहमी रोलला द्यायचे आणि माणसाला रोल द्यायचा, म्हणजे माणूस सोडून गेला की एकच ओळ काढायची. एकच लॉगिन दहा जणांत वाटू नका, सोयीचं वाटतं पण मग लॉगमधे कोण काय घेऊन गेलं ते कधीच कळत नाही, आणि एकजण गेला की नऊ जणांना नवीन पासवर्ड द्यायचा कंटाळा येतो म्हणून कुणी बदलतच नाही.

पायरी 3: डेटाबेसमधे दोन वेगळी घरं

पोस्टग्रेसमधे दोन स्कीमा (टेबल ठेवायचे वेगळे कप्पे) करा, समजा एकाचं नाव गाभा आणि दुसऱ्याचं उघडं. खरे बिंदू गाभ्यात. उघड्यात फक्त ढोबळ केलेली कॉपी. मग दोन डेटाबेस युजर: पहिला, ज्याला फक्त उघडं वाचता येतं आणि गाभ्यावर वापराचा हक्कसुद्धा नाही. दुसरा, लॉगिनवाल्या लेयरसाठी. पब्लिक नावाच्या सर्वसाधारण रोलला जे आपोआप हक्क मिळतात ते रिव्होक करून टाका. पोस्टग्रेस 15 च्या आधीचं व्हर्जन असेल तर पब्लिक स्कीमात कुणालाही टेबल बनवता येतं, तेही बंद करा.

उघड्यातली कॉपी मी मटेरियलाइज्ड व्ह्यूने (टेबलवरून एकदा काढून साठवलेल्या उत्तराने) करतो आणि रात्री रिफ्रेश करतो. साधा व्ह्यू चालतो का? चालतो, पण साधा व्ह्यू प्रत्येक वेळी खऱ्या टेबलवरच जाऊन येतो, मला ते तिथे जाणंच नको असतं.

ढोबळ कसं करायचं यात थोडं थांबूया कारण इथे चुका फार होतात.

पहिली चूक, प्रत्येक रिक्वेस्टला बिंदू रँडम सरकवणं. ऐकायला भारी वाटतं, पण कुणी तोच लेयर शंभर वेळा मागितला आणि सरासरी काढली तर मधोमध खरं घरटं येतं. रँडम करायचंच तर एकदाच करा आणि ते साठवून ठेवा. त्यापेक्षा ग्रिड सरळ, एसटी स्नॅपटूग्रिड हे फंक्शन बिंदू जवळच्या ग्रिडबिंदूवर नेऊन ठेवतं, कितीही वेळा विचारा उत्तर तेच.

दुसरी चूक, दशांश कापून "झालं ढोबळ" म्हणणं. दोन दशांश ठेवले म्हणजे साधारण एक किलोमीटर, एका कड्यासाठी तेवढं काहीच नाही. एक दशांश म्हणजे अकरा किलोमीटरच्या आसपास. अंदाजासाठी सांगतो, आयनॅचरलिस्ट नाजूक प्रजातींचा बिंदू 0.2 बाय 0.2 अंशाच्या चौकोनात कुठेतरी टाकतं, आणि ईबर्ड संवेदनशील पक्षी 20 किलोमीटरच्या ग्रिडवर दाखवतं. आम्ही 10 किलोमीटर घेतलं. स्नॅप करायच्या आधी बिंदू मीटरवाल्या प्रोजेक्शनमधे (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायच्या पद्धतीत) न्या, यूटीएम ही अशीच एक पद्धत, पश्चिम महाराष्ट्र, कोकण, मराठवाड्याचा बराचसा भाग तिच्या झोन 43 मधे येतो, नागपूर-चंद्रपूर-गडचिरोली झोन 44 मधे, 78 रेखांशाला हद्द. 10 किलोमीटरच्या ग्रिडवर बिंदू जास्तीत जास्त सात किलोमीटरच्या आसपास सरकतो, हा आकडा कॉलममधे लिहून ठेवा म्हणजे डेटा वापरणारा फसणार नाही, नाहीतर कुणीतरी त्या ग्रिडबिंदूवर गाडी घेऊन जाईल आणि कुणा बिचाऱ्याच्या उसाच्या शेतात उभा राहील.

तिसरी चूक जास्त खोल आहे. चौकोन मोठा आहे पण आत जंगलाचा एकच तुकडा आहे, किंवा एकच कडा. मग चौकोन दाखवला काय आणि कडा दाखवला काय. सपाटीवरच्या तालुक्यांत हे सारखं होतं. म्हणून ढोबळ केलेला लेयर सॅटेलाइट फोटोवर टाका आणि स्वतः चोर होऊन बघा, पाच मिनिटांत जागा ओळखता आली तर तो चौकोन अजून मोठा करा नाहीतर फक्त जिल्हा दाखवा. स्ट्राव्हाचं उदाहरण आठवा, 2017 च्या शेवटी त्यांनी लोकांच्या धावण्याचा हीटमॅप काढला, त्यात कुणाचंच नाव नव्हतं, तरी 2018 च्या जानेवारीत लक्षात आलं की ओसाड वाळवंटात चमकणाऱ्या रेषा म्हणजे लष्करी तळ आहेत. आजूबाजूला काहीच नसेल तर ढोबळ ठिपकासुद्धा बोट दाखवतो.

पायरी 4: ओळीनुसार कुलूप

आता बीटवाल्याला त्याचंच बीट दिसावं हे. पोस्टग्रेसमधे 9.5 पासून रो लेव्हल सिक्युरिटी आहे. टेबलवर ती चालू करायची आणि पॉलिसी लिहायची की जी ओळ या युजरच्या बीटमधे पडते तीच दिसेल. पॉलिसीत दर वेळी बिंदू पॉलिगॉनमधे आहे का हे तपासत बसलात तर नकाशा रडतो, कारण पॉलिसी लागल्यावर पोस्टजीआयएसची फंक्शन्स इंडेक्सचा (पटकन शोधायच्या सूचीचा) फायदा नेहमी घेऊ शकत नाहीत. म्हणून नोंद घालतानाच ट्रिगरने (नोंद आली की आपोआप चालणाऱ्या कोडने) बीटचा नंबर एका कॉलमात भरून ठेवा आणि पॉलिसीत फक्त नंबर जुळवा. बीटच्या हद्दी बदलल्या की तो कॉलम पुन्हा भरायचा एवढं लक्षात ठेवा.

इथे तीन खड्डे आहेत आणि तिन्हीत मी पडलोय. एक, टेबलचा मालक असलेल्या युजरला पॉलिसी लागतच नाही जोपर्यंत तुम्ही फोर्स करत नाही, आणि सुपरयुजरला तर कधीच लागत नाही. मी मालकाच्याच लॉगिनने टेस्ट करत बसलो, सगळं दिसतंय म्हणून दोन दिवस पॉलिसी खोडून लिहीत होतो. दोन, पॉलिसी लावलेल्या टेबलवर साधा व्ह्यू बनवला तर तो व्ह्यूच्या मालकाच्या हक्काने चालतो, म्हणजे कुलूप बाजूला. पोस्टग्रेस 15 पासून सिक्युरिटी इन्व्होकर हा पर्याय आलाय, व्ह्यू बनवताना तो लावा.

तिसरा खड्डा सगळ्यात मोठा. जिओसर्व्हर डेटाबेसला एकाच युजरने जोडलेला असतो, मग वेबवर लॉगिन कुणीही करो, डेटाबेसला एकच माणूस दिसतो आणि तुमची सुंदर पॉलिसी सगळ्यांना सारखंच उत्तर देते. यावर उपाय, जिओसर्व्हरच्या स्टोअरमधे (डेटाबेसच्या जोडणीत) सेशन सुरू होतानाची एसक्यूएल (डेटाबेसला द्यायची आज्ञा) लिहायची सोय आहे, तिथे जीएसयुजर हे व्हेरिएबल वापरून लॉगिन झालेल्याचं नाव डेटाबेसपर्यंत पोचवता येतं. मी ते नाव सेशनच्या एका सेटिंगमधे टाकतो आणि पॉलिसी ते सेटिंग वाचते. सेशन संपताना ते पुसायचं, कारण कनेक्शन पूलमधे (पुन्हा वापरायच्या जोडण्यांच्या साठ्यात) परत जातं आणि पुढच्याला मागच्याचं नाव चिकटू शकतं. नाव रिकामं असेल तर एकही ओळ द्यायची नाही. आणि क्यूजीआयएसमधून थेट डेटाबेसला जोडणाऱ्या लोकांना ही सेटिंगवाली पॉलिसी कधीच देऊ नका, थेट एसक्यूएल चालवणारा माणूस ते सेटिंग स्वतः बदलून दुसऱ्याचं बीट बघू शकतो. त्यांना प्रत्येकाला वेगळा डेटाबेस युजर आणि पॉलिसीत डेटाबेसचा खरा युजर.

पायरी 5: जिओसर्व्हर

सगळ्यात आधी ॲडमिनचा मूळ पासवर्ड बदला, तो जगाला माहितीये. आणि अपडेट ठेवा. 2024 मधे जिओसर्व्हरमधे अशी फट सापडली होती की लॉगिन न करता बाहेरचा माणूस सर्व्हरवर कोड चालवू शकत होता, 2.23.6, 2.24.4 आणि 2.25.2 मधे ती बुजवली. त्यापेक्षा जुनं चालवत असाल तर हा लेख इथेच बाजूला ठेवा आणि आधी ते करा, पुढचं सगळं त्याच्याशिवाय पोकळ आहे.

नंतर डेटा सिक्युरिटीचं पान. नवीन जिओसर्व्हरमधे एक नियम आधीच असतो: स्टार डॉट स्टार डॉट आर, समोर परत स्टार. म्हणजे सगळ्या वर्कस्पेसचे (लेयरच्या गटांचे) सगळे लेयर सगळ्यांना वाचायला मोकळे. हा उलटा करायचा, वाचायचा हक्क आधी फक्त ॲडमिनला, आणि मग उघडं वर्कस्पेसला वेगळा नियम देऊन ते सगळ्यांना. जास्त नेमका नियम ढोबळ नियमावर मात करतो. असं केलं की उद्या कुणी घाईत नवीन लेयर टाकला तरी तो आपोआप बंदच राहतो. खाली कॅटलॉग मोड हाइडवर आहे ना बघा, म्हणजे हक्क नसलेल्याला लेयर असल्याचंच कळत नाही. "प्रवेश नाही" असं उत्तर मिळालं तरी "तिथे काहीतरी आहे" हे कळतंच.

दोन स्टोअर वेगळे ठेवा, पायरी 3 मधल्या दोन युजरचे. पब्लिक वर्कस्पेसचा स्टोअर अशा युजरने जोडलेला की त्याला गाभा दिसतच नाही, मग जिओसर्व्हरच्या नियमात तुमची चूक झाली तरी बाहेर जाण्यासारखं तिथे काही नाही.

आता "मी तर डब्ल्यूएमएसने फक्त चित्र देतो, स्टाइलमधे मोठा चौकोनच काढतो, खरा बिंदू कुठे जातो" असं म्हणणारे भेटतात. चित्र फिल्टर स्वीकारतं. कुणीही सीक्यूएल फिल्टरने (लिंकमधे अट लिहून) विचारू शकतं की या अर्ध्या भागात आहे का, चौकोन उमटला की हो, नाही उमटला की दुसरा अर्धा. दर वेळी अर्धं करत गेलं की 10 किलोमीटरवरून 10 मीटरच्या आत यायला एका दिशेला दहा प्रश्न लागतात, दोन्ही दिशा मिळून वीस. दोन मिनिटांची स्क्रिप्ट. शिवाय गेटफीचरइन्फो (चित्रावरच्या जागेची माहिती विचारायची सोय) आहे, डब्ल्यूएफएस (चित्र नाही, डेटाच देणारी सर्व्हिस) चालू राहिलं असेल तर तो सगळी टेबलच देतो. म्हणून स्टाइलने लपवणं, झूमची मर्यादा घालणं, लीफलेटमधे (वेबपानावर नकाशा दाखवणाऱ्या लायब्ररीत) लेयर न जोडणं, या गोष्टी दिसायला ठीक, कुलूप म्हणून शून्य. ज्या सर्व्हिस लागत नाहीत त्या बंद करा.

तालुक्याच्या आकाराने लेयर कापून द्यायचा असेल किंवा एका रोलला एखादा कॉलम द्यायचाच नसेल तर जिओफेन्स नावाचा प्लगिन आहे, त्यात क्षेत्र आणि कॉलम दोन्हीचे नियम लिहिता येतात, नियम वरून खाली क्रमाने बघितले जातात म्हणून क्रम चुकवू नका. दोन-तीन रोलच असतील तर मी त्याच्या भानगडीत पडत नाही, जितके नियम तितक्या विसरलेल्या जागा.

पायरी 6: टाइल कॅश

छोटी पायरी पण घात करणारी. ॲडमिनने लॉगिन करून नकाशा बघितला, टाइल (नकाशाच्या चित्राचे तुकडे) बनल्या, कॅशमधे (तयार साठ्यात) बसल्या, आता तीच टाइल लॉगिन नसलेल्याने मागितली तर? जिओसर्व्हरच्या आतल्या कॅशला डेटा सिक्युरिटी लागू करायचा वेगळा चेकबॉक्स आहे, कॅशिंग डिफॉल्ट्सच्या पानावर, तो टिक करा. पण तो लेयरला हक्क आहे की नाही एवढंच बघतो, ओळीनुसारच्या पॉलिसीचं त्याला काही कळत नाही. म्हणून गाभ्यातल्या लेयरला कॅशच बंद. समोर एनजिनएक्स किंवा सीडीएन (मधे बसून कॉपी साठवू शकणारे सर्व्हर) असेल तर तिथेही बघा.

पायरी 7: सर्व्हरच्या बाहेर पडलेल्या कॉपी

सर्व्हरवर सात कुलपं आणि शेपफाइल (नकाशाच्या डेटाची फाइल) व्हॉट्सॲप ग्रुपवर, हे इतक्या वेळा बघितलंय की वाईट वाटतं. क्यूजीआयएसच्या प्रोजेक्टमधे डेटाबेसचा पासवर्ड साध्या अक्षरांत सेव्ह होऊ शकतो, मग ती प्रोजेक्ट फाइल मेल केली की किल्लीच मेल केली. त्याऐवजी क्यूजीआयएसचं ऑथेंटिकेशन कॉन्फिगरेशन वापरा, पासवर्ड मास्टर पासवर्डखाली कुलपात राहतो आणि प्रोजेक्टमधे फक्त त्याचा आयडी जातो. क्यूफील्डवर (क्यूजीआयएसच्या मोबाइल ॲपवर) फील्डला जाताना अख्खा जिल्हा पॅक करू नका, त्या दिवशीच्या बीटपुरतं द्या, फोन हरवतात. संशोधकाला डेटा दिला की कुठल्या तारखेला कुठल्या ओळी दिल्या ते एका टेबलमधे लिहून ठेवा.

भारतीय संस्थांनी अजून एक बघावं. 2021 च्या फेब्रुवारीत आलेल्या जिओस्पेशियल मार्गदर्शक सूचनांप्रमाणे आडव्या दिशेत 1 मीटर आणि उभ्या दिशेत 3 मीटरपेक्षा बारीक अचूकतेचा डेटा भारतातच साठवायचा असतो. मोबाइलचं जीपीएस तितकं बारीक नसतं, पण ड्रोनने कड्याचा सर्व्हे केला असेल तर तो परदेशातल्या स्वस्त सर्व्हरवर टाकायच्या आधी थांबा.

पायरी 8: बाहेरचा होऊन टेस्ट करा

प्रायव्हेट विंडो उघडा, लॉगिन नाही, आणि हे करा: गेटकॅपॅबिलिटीज (सर्व्हरकडच्या लेयरची यादी) मागवून त्यात गाभ्यातल्या एकाही लेयरचं नाव आहे का शोधा, मग माहिती असलेलं नाव थेट टाकून डब्ल्यूएमएस, डब्ल्यूएफएस आणि टाइल तिन्हीकडून मागा, नेटवर्क टॅब उघडा ठेवून नकाशावर सगळीकडे फिरा आणि येणारी प्रत्येक जेसन वाचा. नंतर एका बीटवाल्याच्या लॉगिनने शेजारच्या बीटची ओळ मागा. नंतर लगेच दुसऱ्या लॉगिनने, म्हणजे पूलमधे नाव चिकटतंय का ते कळतं. मी याची एक छोटी पायथन स्क्रिप्ट केलीय, रोज पहाटे चालते, गाभ्यातल्या दोन-चार ओळींचे आयडी तिला माहितीयत, त्यातला एकही बाहेरून मिळाला तर मला मेसेज येतो. एकदा आलाही होता, आमच्यातल्याच एकाने डेमोसाठी नियम सैल केला होता आणि परत आवळायचा राहिला होता. सकाळी साडेसहाला बंद केला.

लॉगही वाचा, महिन्यातून एकदा तरी. एकाच लॉगिनने रात्रीत सगळे चौकोन ओळीने मागितलेत का, तेच फिल्टर पुन्हा पुन्हा बदलत विचारलंय का, एवढं बघितलं तरी पुरतं.

पायरी 9: मुदती

पोस्टग्रेसमधे युजरला व्हॅलिड अनटिल लावता येतं, पण ते फक्त पासवर्डची मुदत संपवतं, आधीच जोडलेलं कनेक्शन तोडत नाही आणि दुसऱ्या पद्धतीने लॉगिन होत असेल तर तिथे चालतही नाही. म्हणून मी रोलच्या टेबलमधे शेवटची तारीख ठेवतो आणि पॉलिसीच ती तारीख बघते, तारीख गेली की ओळी दिसणं बंद, कुणाला आठवण करून द्यायला नको. वनरक्षकांच्या बदल्या बहुतेक उन्हाळ्यात होतात, म्हणून बीटवाल्यांच्या सगळ्या तारखा आम्ही 30 जून ठेवल्यात. जुलैच्या पहिल्या आठवड्यात परिक्षेत्र कार्यालयात फोन करायचा, कुठल्या बीटला आता कोण आहे विचारायचं, आणि नवीन माणसाला त्याच दिवशी लॉगिन करून द्यायचं, कारण पावसात घाटात कुऱ्हाड घेऊन शिरणारे नवीन माणूस रुळायची वाट बघत नाहीत.